विधवा दुकानदार व स्त्री-मताधिकार (कोकण)

ब्रिटिश अमदानीत कोकणपट्टीच्या बंदरगावांत दुकान चालवणाऱ्या विधवांचा मतदानाच्या हक्काशी आलेला संबंध. रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) व ठाणे हे जिल्हे मुंबई इलाख्यात मोडत. सावंतवाडी व जंजिरा ही संस्थाने असल्याने इलाख्याचे निवडणूक-नियम तेथे लागू नव्हते.

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मताधिकाराच्या मागणीसाठी भारतमंत्री माँटेग्यू यांना मद्रास येथे भेटले. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने मागणी नाकारली आणि १९१९ च्या कायद्याने निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोपवला. मुंबई कौन्सिलने १९२१ मध्ये स्त्रियांवरील मतदानाची बंदी उठवली. पुण्याकडे या कामी रमाबाई रानडे यांनी खटपट केली; त्या स्वतः १९०१ पासून विधवा होत्या. मुंबई शहरातील करदात्या स्त्रियांना नगरपालिकेचे मत याआधीच होते, पण त्याच्या आरंभाविषयी एकवाक्यता नाही.

बंदी गेली तरी मालमत्तेची अट राहिली. जमिनीचा सारा, घराचे भाडेमूल्य किंवा प्राप्तिकर यांवर मत ठरे आणि एकत्र कुटुंबाचे मत बहुधा कर्त्याकडे जाई. त्यामुळे विधवेचा प्रश्न वारसाहक्काच्या कायद्यात शिरतो. हिंदू वारसाहक्कासाठी उत्तर कोकणात व मुंबई बेटावर नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ (पुढे ‘मयूख’) हा धर्मशास्त्रग्रंथ प्रमाण मानत, रत्नागिरीकडे ‘मिताक्षरा’ हा. अविभक्त कुटुंबातील विधवेला दोन्हीकडे केवळ पोटगी. नवरा विभक्त व निपुत्रिक वारला असेल तर तिला मर्यादित हक्काने, म्हणजे हयातीपुरत्या उपभोगासाठी, मालमत्ता मिळे. मयूखानुसार जंगम मालाची विल्हेवाट मात्र हयातीत ती आपल्या मर्जीने लावू शके, असे न्यायालये मानीत. दुकानातला माल जंगम, पण दुकानाचे घर स्थावर, आणि मताला उपयोग घराचा. पुनर्विवाह केल्यास १८५६ च्या कायद्याने पहिल्या नवऱ्याकडून आलेला हिस्सा जाई. कोकणी मुसलमान विधवेला शरियतप्रमाणे स्वतःचा वाटा होता : अपत्य असल्यास अष्टमांश, नसल्यास चतुर्थांश.

व्यवहारात हे ओटीवरच्या दुकानात दिसे. मीठ, गूळ, आमसुले, तंबाखू आणि घासलेट बाई विकी, उधारी तीच वसूल करी. घरपट्टीची पावती मात्र मयत नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावे फाटे. कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत असल्याने अशी घरे कोकणात थोडी नव्हती. पट्टी भरणाऱ्याला मत, हा युक्तिवाद या बायकांना मानवणारा होता. मताधिकाराचे श्रेय एका दृष्टिकोनानुसार शहरी महिला संस्थांच्या चळवळीला जाते. कोकणापुरते मात्र मिळकतीच्या नोंदीला अधिक वजन देणारा दृष्टिकोन सयुक्तिक वाटतो.

१९३५ च्या कायद्याने साक्षरता, पतीची मिळकत आणि सैनिकाच्या निवृत्तिवेतनधारक विधवेचा दर्जा यांवरही मत मिळू लागले. अविभक्त मिळकतीत हिंदू विधवेला नवऱ्याइतका हिस्सा १९३७ च्या कायद्याने दिला. तो अमलात आला तेव्हा त्या वर्षीची निवडणूक उरकली होती. सावंतवाडी व जंजिरा ही दोन्ही संस्थाने १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. १९५० च्या राज्यघटनेतील अनुच्छेद ३२६ ने मिळकतीची अट संपली.