एअरबोट : हलचा आकार आणि इंजिनाची शक्ती यांचा मेळ

एअरबोट ही सपाट तळाची नौका असून तिच्या पिछाडीला उंचावर बसवलेला विमानी पद्धतीचा पंखा हवा मागे ढकलतो आणि त्या रेट्याने ती पुढे जाते. पाण्याखाली तिचा एकही भाग फिरत नसल्यामुळे वीतभर पाणी, गवताने भरलेली पाणथळ, चिखल, बर्फ आणि थोडे अंतर कोरडी जमीनसुद्धा तिला ओलांडता येते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या चमूने १९०५ मध्ये कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे विमानाच्या पंख्यांची चाचणी घेण्यासाठी अशी एक नौका तयार केली होती. पुढे फ्लोरिडातील एव्हरग्लेड्सच्या दलदलीत हा नौकाप्रकार खऱ्या अर्थाने रुजला.

हल म्हणजे नौकेचे तरंगणारे मूळ अंग. अमुक फुटी हलला किती अश्वशक्तीचे इंजिन लावावे, असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र लांबीपासून सुरू करता येत नाही. माणसे, इंधन व सामान धरून नौकेचे पूर्ण भरलेले वजन किती आणि तिला सर्वांत वाईट कोणत्या जागेतून जायचे आहे, या दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. हलचे क्षेत्रफळ आणि पंख्याचा रेटा त्यांतूनच निघतात.

क्षेत्रफळाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर सपाट तळ एक सेंटिमीटर खोल बसला की सुमारे १० किलोग्रॅम वजन पेलले जाते. पाण्याला टेकलेला तळ ७ चौरस मीटर असेल, तर ७०० किलोग्रॅम वजनाची नौका सरासरी १० सेंटिमीटर बुडेल. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, वर वळलेली असल्यामुळे हलच्या एकूण लांबीरुंदीचा गुणाकार या हिशेबात धरता येत नाही. आता त्याच हलवर १२५ किलोग्रॅमच्या विमानी इंजिनाऐवजी ३०० किलोग्रॅमचे बिडाचे मोटारइंजिन बसवले, तर नौका सरासरी अडीच सेंटिमीटर आणखी खाली जाते, आणि हे वजन मागे असल्याने पिछाडी त्याहूनही जास्त बसते. शिवाय जड इंजिनामागोमाग मजबूत चौकट, रेडिएटर, गिअरपेटी आणि मोठी इंधनटाकी येते. शक्ती वाढवण्यासाठी घातलेले वजनच वाढीव शक्तीचा वाटा खाते, म्हणून केवळ अश्वशक्तीचे आकडे पाहून केलेली इंजिनबदली पुष्कळदा निराशा करते.

अश्वशक्ती म्हणजे रेटा नव्हे, हे या विषयाचे मर्म आहे. जागेवर उभ्या नौकेत, पंखा तोच ठेवून शक्ती दुप्पट केली, तर सिद्धांतानुसार रेटा सुमारे १.६ पटच होतो. उलट शक्ती तीच ठेवून पंख्याचा व्यास ७२ इंचांवरून ८० इंच केला, तर रेटा सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. तेवढाच लाभ जुन्या पंख्यावर मिळवायला शक्ती ११ टक्के वाढवावी लागेल, म्हणजे १८० अश्वशक्तीचे इंजिन २०० चे करावे लागेल. मात्र पात्यांच्या टोकांचा वेग ध्वनिवेगाच्या जवळ गेला की आवाज प्रचंड वाढतो व कार्यक्षमता घसरते. ७२ इंची पंखा मिनिटाला २,७०० फेऱ्यांनी फिरला, तर टोकांचा वेग सेकंदाला सुमारे २५८ मीटर असतो, आणि ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर आहे. विमानी इंजिने याच फेऱ्यांना पूर्ण शक्ती देतात, म्हणून त्यांना पंखा थेट जोडता येतो. मोटारींची आठ सिलिंडरी व्ही-८ इंजिने पूर्ण शक्ती साधारण ५,००० फेऱ्यांच्या आसपास देतात. त्यांना फेरे कमी करणारी गिअरपेटी किंवा पट्टा बसवूनच मोठा पंखा चालवता येतो.

मोकळ्या पाण्यात खरी कसोटी लागते ती नौका पाण्यावर उचलली जाताना. कमी वेगात ती पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की तळ पृष्ठभागावरून सरकू लागतो. या दोहोंच्या मधल्या टप्प्यात पाण्याचा रोध वाढून नाळ वर येते. तो उंबरठा ओलांडण्याइतका रेटा नसेल, तर इंजिन पूर्ण जोरात चालूनही नौका रखडते. चिखलात आणि कोरड्या जमिनीवर हिशेब आणखी कठोर होतो, कारण तेथे तरंगण्याचा आधार नाहीसा होऊन घर्षणाचा सामना करावा लागतो. घर्षणांक, म्हणजे घर्षण आणि वजन यांचे गुणोत्तर, ०.३ धरला, तर १,००० किलोग्रॅमची नौका सरकत ठेवायला ३०० किलोग्रॅमभार, म्हणजे ३०० किलोग्रॅमच्या वजनाइतका, रेटा लागतो, आणि रुतलेल्या जागेतून सुटायला त्याहून जास्त. ॲल्युमिनियमच्या तळाला गुळगुळीत पॉलिमरचा पत्रा लावतात तो हे घर्षण कमी करण्यासाठी. इंजिन बदलण्यापूर्वी हा उपाय करून पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

शक्ती जास्त झाली तर हल तिला पुरे पडत नाही. पंख्याचा रेटा उंचावर लागतो आणि रोध तळाशी, त्यामुळे नाळ खाली दाबली जाते. ३५० किलोग्रॅमभार रेटा तळापासून दीड मीटर उंचीवर लागत असेल, तर १,००० किलोग्रॅमच्या नौकेचा गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरहून थोडा अधिक पुढे सरकल्यासारखा परिणाम होतो. आखूड हल अशा वेळी नाळ पाण्यात खुपसते. लांब हलला हा भार पेलायला जास्त आधार मिळतो. पंख्याच्या फिरण्याला उलट दिशेचा पीळ हलला एका बाजूला कलवतो, आणि इंजिन व चालकाचे आसन दोन्ही उंच असल्यामुळे अरुंद हलवर तो कल धोकादायक ठरतो. रुंदी वाढवणे हा त्यावरचा उपाय आहे. नेमका उलटा धोका वेग एकदम सोडल्यावर येतो: नाळीवरचा दाब जातो, पिछाडी बसते आणि नौकेनेच उठवलेली लाट मागून आत शिरू शकते. म्हणून जड इंजिनाच्या हलला पिछाडीकडे उंच काठ आणि तरंगण्याची पुरेशी क्षमता हवी.

दोघांसाठीच्या १० ते १२ फुटी हलक्या नौका १५० ते १८० अश्वशक्तीच्या चार सिलिंडरी विमानी इंजिनावर चालतात. आणखी माणसे न्यायची किंवा नेहमी कोरड्यावर चढायचे असेल, तर २५० अश्वशक्तीच्या आसपासची सहा सिलिंडरी विमानी इंजिने अथवा त्याहून मोठी व्ही-८ इंजिने रुंद हलवर बसवली जातात. पर्यटकांच्या मोठ्या नौकांत वजन इतके असते की हलचे क्षेत्रफळ आणि पंख्याचा व्यास दोन्ही वाढवावे लागतात.

एअरबोटीला ब्रेक नाही, साधारणतः उलट गतीही नाही, आणि तिचे उभे सुकाणू पंख्याच्या झोतातच काम करते. शक्ती कमी केली की वळवण्याची क्षमताही कमी होते. अपुऱ्या रेट्याची नौका नुसती संथ नसते; अडचणीच्या क्षणी ती चालकाच्या हाताबाहेर जाते, म्हणून रेट्याचा काही भाग नेहमी राखीव असावा. तो आहे की नाही हे नौका भक्कम खांबाला बांधून, मध्ये भारमापक लावून पाहता येते. पूर्ण जोरात इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचत नसेल, तर पात्यांचा कोन कमी करतात. फेऱ्या मर्यादेपलीकडे जात असतील, तर तो वाढवतात, आणि मग पूर्ण भार चढवून नेहमीच्या वाटेवरील सर्वांत अवघड पट्ट्यात चाचणी घेतात.