गावरान कोंबडी, मराठवाड्यातील

मराठवाड्यात गावठाणात, वस्तीवर आणि शेतातल्या आखाड्यावर (शेतातल्या झोपडी-गोठ्याच्या जागी) मोकळी चरणारी, आपली अंडी आपणच उबवणारी देशी कोंबडी. देवणी आणि लाल कंधारी ही गुरे किंवा उस्मानाबादी शेळी यांची जात म्हणून रीतसर नोंद आहे. गावरान कोंबडीला असे ठरीव वर्णन लावता येत नाही. एकाच खुडकीखाली (अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली) काळी, तांबडी, करडी आणि ठिपक्यांची पिल्ले निघतात. तिची खरी ओळख वागण्यात असते: घार दिसताच आडोशाला पळणे, उकिरडा उकरून पोट भरणे, खुडूक बसणे आणि पिल्ले वागवणे. मादी 1 ते 1.5 किलो भरते, कोंबडा 2 किलोपर्यंत जातो. वर्षाला 50 ते 70 अंडी मिळतात, एकेक सुमारे 40 ग्रॅमचे. अंडी कमी देते अशी तिच्याबद्दल नेहमीची तक्रार असते, पण 21 दिवस अंड्यांवर आणि पुढे दोन-अडीच महिने पिल्लांमागे घालवणारी कोंबडी अंडी देणार कधी?

उन्हाळ्यात 42 अंशांच्या वर जाणारा पारा आणि हिवाळ्यात एक आकडी उतरणारी पहाट असे दोन्ही टोकांचे हवामान तिला सोसावे लागते. त्यातले ऊनच जास्त मारते. स्वीडनमधली हेडेमोरा ही देशी कोंबडी कडाक्याच्या थंडीत टिकते ती दाट, लोकरीसारख्या पिसांवर. इकडे नेमके उलटे गुण कामाला येतात: मोठा तुरा, उंच पाय, विरळ पिसे. कोंबडीला घाम येत नाही. उष्णता तुऱ्यातून आणि धापेतून बाहेर जाते.

म्हणूनच उघड्या मानेची कोंबडी जपण्यासारखी आहे. हा गुण एकाच जनुकाचा असतो. तो एकाच बाजूने आला असेल तर मानेच्या पुढच्या अंगाला पिसांचा लहान झुपका राहतो. दोन्ही बाजूंनी आला तर मान जवळजवळ साफ उघडी दिसते. झुपकेवाला कोंबडा आणि साधी कोंबडी जोडली की सरासरी निम्मी पिल्ले उघड्या मानेची निघतात. उलट्या पिसांच्या कोंबडीचेही गणित असेच आहे, पण तिथे एक धोका असतो. दोन्ही आईबाप उलट्या पिसांचे असतील तर साधारण चौथा हिस्सा पिल्लांची पिसे ठिसूळ होऊन गळतात आणि ती थंडीत टिकत नाहीत. जोडीतले एक साध्या पिसांचेच असावे.

कोंबडा आणि जोडणी

8 ते 10 माद्यांना एक कोंबडा पुरतो. दोन ठेवले तर भांडणात माद्याही जखमी होतात. खरी चूक वेगळीच असते: घरचाच कोंबडा चार-पाच वर्षे राहतो, आपल्याच तलंगांवर (तरुण माद्यांवर) चालतो, मग अंड्यांत फळ कमी धरते आणि पिल्ले किडकिडीत निघतात. दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या ओळखीच्या कळपातून कोंबडा बदलून घ्यावा. आठवडी बाजारातून आणू नये, कारण आजार तिथूनच येतो. आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. जुन्या कोंबड्याचे बीज मादीच्या अंगात दोन आठवड्यांहून जास्त टिकू शकते. त्यामुळे बदलानंतरची तीन आठवड्यांची अंडी खाण्याला वापरावीत, बसवू नयेत.

वनराज किंवा गिरिराज यांसारखा सुधारित कोंबडा सोडला तर पहिल्या पिढीची पिल्ले वजनदार होतात. मात्र पुढे खुडूक बसणाऱ्या माद्या कमी होत जातात आणि कळप उबवणी यंत्रावर अवलंबून राहतो.

अंडी बसवणे

योग्य हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बसवलेली खुडूक उन्हाने उठून जाते. शिवाय 27 अंशांच्या वर ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. अंडी रोज उचलावीत, घरट्यात एक खुणेचे राहू द्यावे. निमुळते टोक खाली करून ती थंड जागी ठेवावीत: हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 3-4 दिवस. गोल, तडकलेली, फार लहान अंडी बाजूला काढावीत. मळके अंडे धुऊ नये, बसवूच नये.

एका कोंबडीखाली 12 ते 15 अंडी मावतात. पाटीत खाली माती, वर कडब्याचा चुरा. पिसवा होऊ नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला. आधी एक-दोन रात्री तिला खुणेच्या अंड्यांवर बसवून पाहावे, मग अंधार पडल्यावर खरी अंडी सरकवावीत. पाणी आणि ज्वारी जवळच हवी. ती दिवसातून एकदा 15-20 मिनिटे उठते, तेवढे उठू द्यावे. सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडापुढे धरावे. लाल शिरांचे जाळे म्हणजे जिवंत, स्वच्छ दिसले तर वांझ, रक्ताची कडी म्हणजे मेलेले. मेलेले अंडे फुटले तर सगळी पाटी नासते. गडगडाटाने अंडी नासतात म्हणून पाटीत लोखंडाचा तुकडा ठेवतात. त्याने बिघडत काही नाही, पण पावसाळ्यातली नासाडी ओल आणि मळक्या अंड्यांची असते.

दोन खुडक्या एकाच दिवशी बसवाव्यात. पिल्ले निघाली की रात्री सगळी एकीखाली सारता येतात, दुसरी लवकर अंड्यावर येते.

पिल्ले

पहिले दीड-दोन दिवस पोटातल्या बलकावर निघतात. आधी पाणी, मग तांदळाची किंवा ज्वारीची बारीक कणी. नुसत्या कणीवर पिल्ले खुरटतात. जुना उपाय वाळवीचा: मडक्यात ओले शेण आणि पाचोळा भरून ते वारुळाशेजारी रात्रभर पालथे ठेवायचे, सकाळी पिल्लांपुढे झटकायचे. पहिले सहा आठवडे सर्वांत नाजूक. घार, मांजर आणि मुंगसापासून वाचवायला दुपारभर डालीखाली (विणलेल्या टोपलीखाली) कोंडावे, डाल मात्र सावलीत हवी.

मोठी मर येते ती मानमोडीने, म्हणजे राणीखेतने. तिच्यावर उपचार नाही. 5 ते 7 व्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या आठवड्यात त्याच रोगाच्या आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. कोंबड्यांच्या देवी रोगाची लस पावसाळ्याआधी द्यावी. लसीची एक कुपी बऱ्याच पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. पाच-सात घरांनी एकच दिवस धरला तरच ती परवडते. लस बर्फात आणावी, संध्याकाळी टोचावी. मानमोडी शिरलेल्या कळपात लस द्यायला गेलेला माणूस तो रोग पुढच्या घरी नेतो.

जूनमध्ये आणखी एक घात होतो. बीजप्रक्रिया केलेले (औषध चोळलेले) रंगीत सोयाबीन किंवा कपाशीचे बी बांधावर सांडते आणि कळप ते टिपतो. पेरणीचे आठ दिवस आणि फवारणीनंतरचे काही दिवस कोंबड्या कोंडूनच ठेवाव्यात.

नोव्हेंबरची पिल्ले आखाडापर्यंत दीड किलोला पोचतात आणि श्रावण लागण्याआधीच्या मागणीत विकली जातात. गिऱ्हाईक सर्वांत थोराड कोंबडा मागते, दामही त्यालाच चांगला मिळतो, आणि पैदाशीला मागे उरतो तो किरकोळ नर. म्हणून मे सरता सरता पैदाशीचे दोन नर निवडून त्यांच्या पायात रंगीत कडी घालावी: एक वापरायला, एक दगाफटक्याला.