उणे १९६ अंशांच्या भांड्याची मान

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या पुढे सरकतो, आणि त्याच उन्हाळ्यात जनावरांच्या दवाखान्यात ॲल्युमिनियमच्या एका भांड्यात उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन पडून असतो. कृत्रिम रेतनासाठीच्या वीर्याच्या कांड्या त्यातच बुडवलेल्या. आत-बाहेर फरक २४० अंशांचा, विजेची वायर कुठेच नाही, तरी नायट्रोजन आठवडेच्या आठवडे टिकतो.

श्रेय सगळे निर्वाताला देतात, ते बरोबरच आहे. दुहेरी भिंतींमधली हवा काढलेली असते आणि त्या पोकळीत चकचकीत फॉइल व काचतंतूंचा कागद यांचे थरावर थर गुंडाळलेले असतात. फॉइल उष्णतेचे किरण परतवते, कागद दोन फॉइलींना एकमेकींना टेकू देत नाही.

मला विचाराल तर खरी करामत मानेत आहे. आतलं भांडं लटकतं ते मानेच्या नळीवर, म्हणजे उष्णतेला आत उतरायला हीच सरळ वाट. ही नळीही ॲल्युमिनियमची केली तर निर्वाताची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून ती काचतंतू आणि इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेची, आपण ज्याला नुसतं ‘फायबर’ म्हणतो त्याची असते. ॲल्युमिनियमच्या मानाने ते उष्णता शेकडो पटींनी कमी वाहून नेतं, आणि गारठल्यावर आणखी कमी.

अडचण येते ती आकुंचनाची. नुसतं इपॉक्सी उणे १९६ पर्यंत नेलं तर मीटरमागे सुमारे ११ मिलिमीटर आखडतं, ॲल्युमिनियम जेमतेम ४. अशा दोघांचा सांधा तडकायचाच. काच मात्र फारच कमी आखडते. स्लॅबमधल्या सळईसारखे तंतू इपॉक्सीला धरून ठेवतात आणि तंतूंच्या दिशेचं आकुंचन अडीच मिलिमीटरच्या आसपास येतं. नळीतल्या काचतंतूंच्या थरांच्या जाडीत मात्र धरून ठेवायला तंतूच नसतात. तिथे आकुंचन मीटरमागे ६-७ मिलिमीटर भरतं. एकाच नळीचे हे दोन स्वभाव सांभाळत सांधा जोडायचा, हे सोपं काम नव्हे.

असे अतिथंड द्रव नेणाऱ्या पाइपांवरच्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमची तऱ्हा वेगळी. कडाक्याच्या थंडीत त्याच्या कप्प्यांतला वायूच द्रवतो किंवा गोठतो, आतला दाब उतरतो आणि फोम उलट जास्त चांगला रोधक होतो. पण तो तडकला की हवा थेट पाइपला भिडते. ऑक्सिजन उणे १८३ लाच द्रवतो. ज्वलनशील फोममध्ये तो साचणं म्हणजे आगीला आमंत्रण.

भांड्याच्या अंगावर दहिवर धरलं तर निर्वात गेला असं समजावं. त्याची वाट न पाहता काट्यावर वजन करत राहणं बरं. लिटरभर नायट्रोजन साधारण ८०० ग्रॅमचा. वजन नेहमीपेक्षा भराभर उतरू लागलं, तर आधी कांड्या दुसऱ्या भांड्यात हलवाव्यात.