काळ्या बिअरचं रसायन आणि खारपाणाचं पाणी

दर्यापूर, अकोट, तेल्हारा या विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारट आहे तिथे, माती परीक्षणाचा कागद हातात आला की शेतकरी आधी सामूचा रकाना पाहतो. आकडा साडेआठच्या वर गेला की जिप्समच्या गोण्या आणायच्या, हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण सामू, म्हणजे पीएच, किती आम्ल आणि किती अल्क हे मोजायची ही पट्टी शेतीतून आलेली नाही. १९०९ साली ती मांडली सोरेनसन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, आणि ती प्रयोगशाळा उभी केली होती एका बिअर कारखान्याच्या मालकाने. बिअरवाल्यांना सामूची एवढी काळजी का, हे स्टाउट या काळ्या बिअरवरून नीट कळतं.

जवाला मोड आणून तो वाळवला की माल्ट होतो. माल्ट भरडून ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, स्टार्चची साखर करतात. हे पाणी गाळायचं, हॉप्स ही कडवट फुलं घालून उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट सोडायचं. कृती एवढीच, खोड आहे ती भिजवणीत. तिचा सामू ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवा. त्याच्या वर सरकला की विकरं मंदावतात आणि टरफलातला तुरटपणा पाण्यात उतरतो. माल्टमधल्या फॉस्फेटशी कॅल्शियमची गाठ पडली की आम्ल सुटतं आणि सामू खाली येतो. पाण्यातलं बायकार्बोनेट मात्र तेच आम्ल खाऊन टाकतं. दोघांत कोण वरचढ, हे त्या गावच्या विहिरीवर.

इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरींना जिप्सम भरपूर, म्हणून तिथली फिकी बिअर नावाजली गेली. पुढे बाकीचे लोक आपल्या पाण्यात जिप्सम टाकू लागले. गोणी आपल्याच ओळखीची, काम वेगळं: चोपण जमिनीत जिप्सममधलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतं, भिजवणीत ते फॉस्फेटला धरतं.

लंडन आणि डब्लिनकडे खाली चुनखडी. पाण्यात बायकार्बोनेटचा जोर, त्यामुळे फिक्या माल्टची भिजवणी बिघडायची. करडा-काळा भाजलेला दाणा टाकला की जमून यायचं, कारण दाणा भाजताना साखर आणि अमिनो आम्लांच्या झटापटीत रंग आणि वासाबरोबर आम्लंही तयार होतात. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट काळा भाजायचं पेटंट घेतलं, तेव्हापासून थोडासा काळा माल्टही साऱ्या बिअरला रंग द्यायला पुरू लागला. पाण्यामुळेच स्टाउट जन्मली, असं सरसकट सांगतात, ते मला पटत नाही. डब्लिनच्या गिनेसचं पाणी विकलो डोंगरातलं, बरंच मृदू. कर, चव आणि धंदा यांचाही त्यात हात असणारच. पण रसायन खोटं नाही.

ते घरीच पडताळता येतं, आणि त्याला दारू गाळावी लागत नाही. किराणा दुकानातला जव लोखंडी कढईत मंद आचेवर भाजा. आधी फुटाण्यांसारखा वास येतो, काही दाणे उडतात, मग पावाच्या कडेचा आणि शेवटी कॉफीचा वास येतो. निळसर धूर दिसला की लगेच उतरवा. पुढे नुसता कोळसा. थंड झाल्यावर भरड करून एक भाग बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्यात, एक बोअरच्या गरम पाण्यात घाला. सामू दाखवणारी रंगपट्टी इथे काळी पडून फसवते. फवारणीच्या पाण्यासाठी वापरतात तो खिशातला मीटर घ्या. पहिल्या भांड्याचा सामू पाचच्या आसपास उतरतो, दुसऱ्याचा वर अडून बसतो. हा फरक बायकार्बोनेटचा. बॅटरीचं पाणी अर्थातच पिऊ नका.

मग खारपाणाच्या बोअरवर उत्तम स्टाउट व्हावी की! तसं होत नाही. चुनखडीच्या पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट उकळलं की चुना होऊन भांड्याला धरतं आणि पाणी हलकं होतं. खारपाणात सोडियम बायकार्बोनेट असतं. ते उकळून खाली बसत नाही, उलट त्याचं कार्बोनेट होऊन सामू आणखी चढतो. काळा दाणा आम्लाने त्याच्याशी झुंजेलही, पण सोडियम आणि क्लोराइड जागचे हलत नाहीत. बिअर खारट लागणार.

शिवाय स्टाउटचं यीस्ट १८ ते २२ अंशांत खुश. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीस गाठतो. तेव्हा ते सुसाट सुटून डोकं धरायला लावणारी जड अल्कोहोलं बनवतं. आणि कायदाही आहे: महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, वर्धा आणि गडचिरोलीत तर जिल्हाभर दारूबंदीच.

परदेशातले हौशी लोक पाण्याची कटकट नको म्हणून आरओचं पाणी घेतात. त्यात स्टाउटचा काळा दाणा पडला की सामू फारच खाली घसरतो आणि चव आंबट-करपट होते. म्हणून ते त्याच पाण्यात मोजून चिमूटभर खायचा सोडा घालतात, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच.