गटाच्या नावाचे डॉट इन डोमेन दुसऱ्याने घेतले असेल तर: तक्रार कोण करू शकतो, कागद कोणते लागतात

समुद्रपूरकडची हळद आणि भिवापूरची मिरची आता पाकिटात भरून, फोनवर ऑर्डर घेऊन पुण्या-मुंबईला जाते. माल चालू लागला की बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी वेबसाइट काढायला निघते, आणि आपल्याच नावाचे डॉट इन डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणीतरी आधीच घेतल्याचे कळते. कधी तो पैसे उकळू पाहणारा अनोळखी असतो, कधी तालुक्याला वेबसाइट बनवून देणाराच असतो, ज्याने गटाच्या पैशांनी डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवलेले असते. अशा वेळी हताश होऊन नाव बदलू नका. दाद मागण्याची सोय आहे, आणि त्यासाठी पहिल्याच पायरीला कोर्टात जावे लागत नाही.

डॉट इन आणि डॉट भारत डोमेनांची नोंदवही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, सांभाळते. तिचे वाद-निवारण धोरण (आयएनडीआरपी) 2005 पासून आहे. डोमेन घेणारा प्रत्येक जण नोंदणी करतानाच ते मान्य करतो, त्यामुळे नंतर अंग काढता येत नाही.

तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. डोमेन तुमच्या नावाशी किंवा ट्रेडमार्कशी तंतोतंत किंवा गोंधळ होईल इतके जुळते. समोरच्याचा त्या नावावर कायदेशीर हक्क किंवा रास्त संबंध नाही. आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवले किंवा वापरले आहे. खर्चापेक्षा कितीतरी जास्त पैसे मागून तुम्हाला किंवा तुमच्या स्पर्धकाला विकू पाहणे, तुमच्या नावाने गिऱ्हाईक स्वतःकडे ओढणे, हे वाईट हेतूचे पुरावे धरले जातात. पण समोरचा त्या नावाने तुमच्या तक्रारीआधीपासून खरोखर धंदा करत असेल, तर दुसऱ्या मुद्द्यावरच प्रकरण अडते.

ट्रेडमार्क नोंदवलेला नसला तरी वाट बंद होत नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते असे सांगितले. नोंदणी नसेल तर मात्र वापर सिद्ध करावा लागतो. आणि नाव तुमचे स्वतःचे हवे. ‘वायगाव हळद’ हे भौगोलिक मानांकन त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचे आहे. नुसत्या त्या नावावर एका गटाला हक्क सांगता येणार नाही.

माझ्या मते सगळे प्रकरण तारखांवर उभे राहते. डोमेन कधी नोंदवले ते ‘हूइज’ या डोमेन-नोंदणीची माहिती दाखवणाऱ्या ऑनलाइन शोधात दिसते. त्या तारखेच्या आधी तुम्ही नाव वापरत होता, हे दाखवणारा प्रत्येक कागद मोलाचा. छापील नावाचे जुने बिलबुक, लेबल छापणाऱ्या प्रेसची पावती, गटाच्या नावाचे बँक पासबुक, अन्न परवाना, उद्यम प्रमाणपत्र, उमेदच्या (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) सरस प्रदर्शनातला स्टॉल मिळाल्याचे पत्र. बिलबुकाचे पहिले पान फाटलेले असले तरी तारीख वाचता येणारे पान स्कॅन करा. सगळीकडे नाव एकाच स्पेलिंगने हवे. लेबलवर एक आणि पासबुकात दुसरे असेल तर समोरचा नेमके तेच दाखवेल. पैसे मागितल्याचे व्हॉट्सॲप संदेश पुसू नका, त्या नंबरासकट स्क्रीनशॉट ठेवा. वेबसाइटवाल्याला दिलेल्या पैशांची पावती किंवा यूपीआयची नोंदही जोडा. त्याच्याकडे डोमेन हस्तांतराची मागणी आधी लेखी करा. पुष्कळदा काम तिथेच होते.

तक्रार निक्सीकडे, ठरलेल्या नमुन्यात आणि शुल्कासह जाते. शुल्क लहान गटाला जड आहे, म्हणून भरण्याआधी निक्सीच्या संकेतस्थळावरचा चालू तक्ता पाहा आणि बैठकीत ठराव घ्या. कोणाला अधिकार दिला त्याचे पत्र लागते. कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून मराठी कागदांचे भाषांतर जोडावे. निक्सी एक लवाद नेमते, तो समोरच्याला नोटीस देतो आणि बहुधा कागदांवरच निवाडा देतो. लवादाचे काम सुरू झाल्यापासून 60 दिवसांत निवाडा अपेक्षित असतो. डोमेन रद्द होते किंवा तुमच्याकडे येते. बुडालेल्या धंद्याची भरपाई मात्र इथे मिळत नाही, तिच्यासाठी कोर्टच. निवाड्याला आव्हान लवाद कायदा 1996 च्या कलम 34 खाली तीन महिन्यांत देता येते.

महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यामुळे वकील शोधण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा.

नाव अजून कुणी घेतलेले नसेल तर ट्रेडमार्कचा टीएम-ए अर्ज आताच भरा. व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन शुल्क एका वर्गासाठी (मालाच्या एका प्रकारासाठी) 4,500 रुपये आहे आणि नोंदणी 10 वर्षे टिकते. आधीपासून वापर असल्याचे लिहिले तर त्यासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, आणि त्यातही वरचेच कागद कामी येतात. डॉट कॉम डोमेनसाठी मात्र निक्सी नाही. तिथे यूडीआरपी हे आंतरराष्ट्रीय वाद-निवारण धोरण लागू होते, अशा तक्रारी घेणाऱ्या वायपोचे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) शुल्क एका सदस्याच्या समितीसाठी 1,500 डॉलर आहे, आणि वाईट हेतूने नोंदणी व वापर, दोन्ही सिद्ध करावे लागतात.