दरवाजाचा पत्रा बदलणे (जुन्या मोटारी)

जुन्या मोटारीच्या दरवाजाचा गंजलेला बाहेरचा पत्रा उतरवून त्याच आकाराचा नवा पत्रा मूळ सांगाड्यावर बसवण्याचे काम. विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या बहुतेक पोलादी मोटारींत दरवाजाचे दोन भाग असतात. बिजागऱ्या, कुलूप आणि काचेची यंत्रणा आतला सांगाडा पेलतो. त्यावर साधारण ०.८ ते ०.९ मिमी जाडीचा बाहेरचा पत्रा असतो. खाली आणि दोन्ही बाजूंना या पत्र्याची १० ते १२ मिमी कड सांगाड्याच्या पट्टीवर दुमडलेली असते. वर काचेच्या रेषेत तो स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या जोडाने, जोडलेला असतो.

दरवाजा जवळजवळ नेहमी खालून सडतो. काच आणि बाहेरची रबरपट्टी यांच्यातून पाणी आत जाणारच, असे धरूनच दरवाजाची रचना केलेली असते. ते तळाच्या भोकांतून निथळून जावे, अशी योजना असते. धूळ आणि झिजलेल्या रबराचा चुरा साचून ही भोके बुजली, की पाणी दुमडीत शिरते. पत्र्याच्या दोन थरांमधली ओल लवकर वाळत नाही आणि तिथूनच गंज सुरू होतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेल्या फियाट ११०० आणि पद्मिनी या गाड्यांत पुढच्या दरवाजाला तिकोनी काच असते. तिचे रबर कडक झाले, की त्याच्या बरोबर खालचा कोपरा आधी जातो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत हे अधिक वेगाने घडते.

तपासणीसाठी लोहचुंबक पुरतो. पत्र्यावर तो नीट धरत नसेल, तर खाली पुटीचा जाड थर आहे. दरवाजाच्या आतल्या बाजूचे हार्डबोर्डचे आच्छादन (कार्ड) काढून तळाची पट्टी टोच्याने दाबून पाहावी. गंज फक्त खालच्या १०० ते १५० मिमीत असेल, तर पूर्ण पत्रा बदलू नये. मूळ पत्र्याचा वरचा भाग कंपनीच्या साच्यातून निघालेला असतो आणि तो वक्र हाताने तसाच उतरवणे कठीण जाते. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या, बॉडी शेलमध्ये (गाडीच्या मूळ कवचात) मोठा फेरबदल नसलेल्या गाडीचीच ‘विंटेज’ म्हणून नोंद होते. तेव्हा आकार मूळचाच राहिला पाहिजे. एमजीबीसारख्या ब्रिटिश गाड्यांचे तयार पत्रे मिळतात. पद्मिनीसाठी मात्र बहुधा २० गेजच्या (सुमारे ०.९ मिमी) सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, पोलादी पत्र्यातून तुकडा घडवून घ्यावा लागतो.

पत्रा उतरवण्याआधी दरवाजा गाडीवर असतानाच दरवाजा आणि बॉडी यांच्यामधल्या चहूबाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. मागची कड धरून दरवाजा उचलून पाहावा. तो हलला, तर बिजागरीची पिन आणि बुश आधी बदलावेत. झिजलेल्या बिजागरीवर जुळवलेली फट पुढे टिकत नाही. त्यानंतर काच, ती वर-खाली करणारा रेग्युलेटर, कुलूप आणि काचेची चॅनल काढून ग्राइंडरने फक्त दुमडीची बाहेरची धार घासावी. दोन थरांमध्ये बारीक काळी रेघ दिसली, की थांबावे. आणखी घासल्यास आतली पट्टी कापली जाते. वरचे स्पॉट ड्रिलने सोडवले, की पत्रा सुटतो. सांगाड्यावर राहिलेली दुमडीची चिंधी पकडीने सोलून काढावी.

सांगाड्याचा सडलेला तळ कापून नवी पट्टी जोडताना पाण्याची भोके मूळ जागीच ठेवावीत. सांगाडा सँडब्लास्ट केला तर चालतो, मात्र बाहेरच्या सपाट पत्र्यावर वाळू मारली, की तो फुगतो. स्पॉटच्या जागी झिंक प्रायमर आणि बाकी सगळीकडे इपॉक्सी प्रायमर लावावा.

सगळ्यात जास्त दरवाजे पुढच्या पायरीवर बिघडतात. पत्र्याविना सांगाडा लवचीक असतो आणि कड मिटताना तो ज्या पिळात असेल, त्याच पिळात कायमचा अडकतो. म्हणून नवा पत्रा चढवून कड चार-पाच ठिकाणीच थोडी वाकवावी, दरवाजा गाडीवर टांगावा आणि कुलूप लावून फटी पाहाव्यात. मागचा खालचा कोपरा बाहेर येत असेल, तर याच वेळी सांगाडा हाताने पिळून तो आत घेता येतो. टेबलावर कड पूर्ण मिटवून मग गाडीवर नेलेला दरवाजा दुरुस्त करायला पत्रा पुन्हा फोडावा लागतो.

फटी जुळल्या, की दुमडीत पॅनेल बाँड (पत्रे चिकटवणारा गोंद) किंवा सीलंट भरून कड मिटवावी. बाहेरून टेप गुंडाळलेली जड डॉली (ठोक्याला आधार देणारा लोखंडी ठोकळा) धरावी आणि आतून हलके ठोके द्यावेत. आधी पूर्ण लांबीभर कड अर्ध्यावर आणावी, दुसऱ्या फेरीत आणखी खाली आणि तिसऱ्या फेरीत सपाट करावी. एकाच जागी ठोकत राहिल्यास कड ताणली जाते आणि रंगानंतर तिथे लाट दिसते.

अर्धाच पत्रा बदलताना जोड शक्यतो दाबरेषेजवळ (पत्र्यावर दाबून उठवलेल्या रेघेजवळ) घ्यावा, मधल्या सपाट भागात घेऊ नये. ०.६ मिमी तारेने मिग वेल्डिंगचे (वायूच्या आवरणात तार वितळवून केलेल्या वेल्डिंगचे) ठिपके दूर दूर द्यावेत आणि प्रत्येक ठिपका थंड झाल्यावरच शेजारचा द्यावा. सलग टाका मारला, तर पत्रा आवळतो आणि दाबल्यावर ‘टक’ आवाज करत आत-बाहेर होतो. पुटी २ ते ३ मिमीपेक्षा जाड लागत असेल, तर पत्रा अजून ठोकून सरळ व्हायचा आहे.

लँड रोव्हरच्या जुन्या सिरीज गाड्यांत ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादी सांगाड्यावर असतो. तिथे दोन धातूंचा थेट संपर्क तोडणारा थर दुमडीत हवाच, कारण ओल्या जोडात ॲल्युमिनियम झिजते. लाकडी सांगाड्याच्या, दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांत आधी सुताराचे काम असते.

रंग वाळल्यावर आतल्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स (गंजरोधक मेण) फवारावे आणि लगेच पाण्याच्या भोकांतून तार फिरवावी, कारण वॅक्सनेही ती बुजतात. कार्डामागचा प्लास्टिकचा कागद परत लावताना त्याची खालची कड दरवाजाच्या आत सोडावी. ती बाहेर राहिली, तर पाणी कार्डावर येऊन हार्डबोर्ड फुगतो.