सीयूसीव्ही ट्रकचा सेल्फ : २४ व्होल्टवरून १२ वर येण्याची पार्श्वभूमी

अमेरिकी लष्कराने लिलावात काढलेला शेव्हरोलेचा सीयूसीव्ही (बाजारातल्या गाडीवरून बनवलेला लष्करी) ट्रक घेणारे अनेक जण पुढे त्याची वायरिंग २४ वरून १२ व्होल्टवर आणतात. त्यातला मुख्य भाग म्हणजे स्टार्टर, आपल्या गॅरेजमधला सेल्फ, बदलणे. दिवे, हॉर्न, वायपर मुळातच १२ व्होल्टचे आणि सेल्फ मात्र २४ चा, अशी ही गाडी. ती अशी का झाली, हे कळले की कामही सोपे जाते.

दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप ६ व्होल्टवर चालायची. रेडिओ वाढले, इंजिने मोठी झाली, तशी ही वीज अपुरी पडू लागली. युद्धानंतर अमेरिकेने लष्करी गाड्यांसाठी २४ व्होल्ट हे प्रमाण धरले. १९५० च्या सुमारास आलेली एम-३८ जीप आणि अडीच टनी एम-३५ ट्रक त्याच पठडीतले. हिशेब सरळ आहे. सेल्फला ३,००० वॉट लागत असतील, तर १२ व्होल्टवर २५० अँपिअर खेचले जातात, २४ वर १२५. करंट निम्मा झाला की त्याच केबलमधला तोटा चौथाईवर येतो. आपल्याकडच्या बहुतेक अवजड ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (व्होल्टेजची बेरीज होईल अशा, एकामागे एक) असतात, त्याचेही कारण हेच. दिवे एका व्होल्टेजवर आणि सेल्फ दुसऱ्यावर ही युक्ती तर फार जुनी. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीवर अमेरिकी संशोधक चार्ल्स केटरिंगने बसवलेला सेल्फ २४ व्होल्टवर फिरायचा आणि दिवे ६ व्होल्टवर लागायचे.

१९८० च्या दशकात लष्कराने खर्च वाचवण्यासाठी बाजारातलाच शेव्हरोले पिकअप आणि ब्लेझर ही एसयूव्ही ६.२ लिटर डिझेल इंजिनासह सीयूसीव्ही म्हणून घेतले. १९८४ ते १९८७ या मॉडेलवर्षांत सत्तर हजारांच्या आसपास गाड्या बनल्या. पण रेडिओ २४ व्होल्टचे, आणि रणगाड्यापासून जीपपर्यंत कुणीही कुणाला जंप (आपल्या बॅटरीवर दुसऱ्याची गाडी सुरू करणे) देऊ शकेल असा नेटोचा सॉकेटही २४ चा. मग १०० अँपिअरचे दोन अल्टरनेटर आणि सिरीजमधल्या दोन बॅटऱ्या दिल्या, एका बॅटरीवरून नेहमीची १२ व्होल्टची वायरिंग चालवली, आणि सेल्फ बदलून २४ चा बसवला. लष्कराच्या गरजेपुरती ही तडजोड चोख होती. खासगी मालकाला मात्र रेडिओ नको असतो, २४ चा सेल्फ महाग पडतो आणि साध्या पिकअपचा १२ चा सेल्फ सहज मिळतो.

दोन्ही सेल्फ त्याच जागी बसतात, म्हणून घोटाळा होतो. बॅटऱ्या पॅरलल (व्होल्टेज १२ च राहील अशा) केल्या आणि जुना सेल्फ तसाच ठेवला, तर तो रेंगाळत फिरतो. या इंजिनाचे कॉम्प्रेशन एकवीसपटींहून जास्त आहे; फिरण्याला वेग नसेल तर दाबलेली हवा सिलिंडरच्या भिंतींना उष्णता देऊन बसते आणि डिझेल पेटत नाही. उलट १२ च्या सेल्फला २४ दिले, तर त्याचे पिनियन (लहान दातेरी चाक) इंजिनाच्या रिंग गियरवर (मोठ्या दातेरी चाकावर) आदळते आणि सेल्फ लवकरच जळतो. सेल्फ आणि बॅटऱ्यांची जोडणी एकाच बैठकीत बदलावी.

हीटर प्लगचेही, म्हणजे थंड इंजिन सुरू होण्याआधी आतली जागा तापवणाऱ्या प्लगचेही, तसेच. ते १२ व्होल्टचेच आहेत, पण २४ वरून रेझिस्टरमार्गे चालतात. एकदोन प्लग गेले की उरलेल्यांवर जादा व्होल्टेज येते आणि तेही पाठोपाठ जातात, हा या गाडीचा जुना आजार. १२ वर आल्यावर रेझिस्टर तसाच ठेवला तर प्लग कोमटच राहतील, म्हणून तो सर्किटमधून काढावा लागतो. केवळ एवढ्यासाठीही हा बदल करावा, असे माझे ठाम मत आहे.

सेल्फ बसवताना मागच्या टोकाला इंजिनाच्या ब्लॉकशी बांधणारी लहान पट्टी बऱ्याचदा जुन्या मेकॅनिकने कधीच फेकून दिलेली असते. ती शोधून लावाच. नाहीतर जड सेल्फ दोन बोल्टांवर लोंबकळतो, बोल्ट तुटतात किंवा ब्लॉकचा कान जातो. बोल्टही त्याच मापाचे पण बारीक खाचांच्या दांड्याचे हवेत, कारण सेल्फ सरळ रेषेत धरून ठेवतात त्या खाचाच.

आणि पुढचा नेटो सॉकेट सोडवून टाका. तो दिसायला २४ चाच राहतो. कुणी मदत म्हणून त्यात दुसऱ्या लष्करी गाडीची केबल खोचली, तर नवा सेल्फ आणि सगळी वायरिंग एकदम २४ व्होल्टखाली येईल.